खाणीच्या ढिगाऱ्यावर दर उन्हाळ्यात रोपे मरतात : मेलेले रोप उपटून कारण कसे शोधावे

चंद्रपूर, राजुरा, वणी, माजरी आणि तिकडे उमरेडपर्यंत कोळशाच्या खुल्या खाणींभोवती उभ्या राहिलेल्या मातीच्या डोंगरांवर झाडे लावणाऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे एकच आहे. जुलैत लावलेली रोपे दिवाळीपर्यंत हिरवी दिसतात, संक्रांतीनंतर पाने गाळतात आणि मे महिन्यात पाहावे तर ओळीच्या ओळी वाळलेल्या असतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नांगे भरले जातात, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपे लावली जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच घडते. टँकर किंवा ठिबक असेल तोवर, म्हणजे देखभालीचा करार असेपर्यंतची तीन वर्षे, लागवड टिकल्यासारखी वाटते. पाणी थांबले की एकाच उन्हाळ्यात ती संपते.

दोष बहुतेक वेळा पाण्याला दिला जातो. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो हे खरे आहे. परंतु त्याच उन्हात, ढिगाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, शेताच्या धुऱ्यावरची बोर, पळस आणि हिवर ही झाडे कोणीही पाणी न घालता उभी असतात. ह्या भागात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो धुऱ्यावरच्या झाडाला पुरतो आणि ढिगाऱ्यावरच्या रोपाला पुरत नाही, ह्याचे कारण आकाशात शोधण्यापेक्षा मुळांशी शोधले पाहिजे. माझा आग्रह एवढाच आहे की नांगे भरण्यापूर्वी मेलेली रोपे खणून पाहावीत, कारण ती कशाने मेली हे त्यांच्या मुळांवर आणि बुडावर बहुधा स्पष्ट दिसते.

आधी ढिगारा कशाचा आहे हे समजून घेतले पाहिजे. खाण वरून खाली खणली जाते आणि ओतताना क्रम उलटा होतो. शेताची काळी माती वेगळी काढून ठेवली नसेल तर ती तळाशी गाडली जाते आणि जमिनीच्या पोटात खोलवर, ज्याने कधी ऊन किंवा मूळ पाहिलेले नाही असा वाळूचा खडक, शेल म्हणजे चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, आणि कोळशाचा चुरा वर येतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्माचे जाड थर आहेत. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव येथे वेस्टर्न कोलफिल्ड्स ह्या सरकारी कोळसा कंपनीने अशाच ढिगाऱ्यांतून बांधकामाची वाळू वेगळी काढण्याचे प्रकल्प उभारले, ह्यावरून ह्या ढिगाऱ्यांत वाळू किती असते ते लक्षात यावे. म्हणजे ज्याला आपण सवयीने माती म्हणतो ती अजून माती झालेलीच नाही. तिच्यात जीव नाही, कुजलेला पालापाचोळा नाही आणि पाणी धरून ठेवणारी कणरचना नाही.

तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, म्हणजे नुकत्याच मेलेल्या रोपांची मुळे शाबूत मिळतात. माथ्यावरची, पायरीवरची आणि उतारावरची मिळून दहा मेलेली आणि तुलनेसाठी दोन-तीन जिवंत रोपे निवडावीत. रोप वर ओढू नये. खड्ड्याच्या एका बाजूला हातभर अंतरावर चर खणून खड्ड्याची भिंत उघडी करावी आणि मुळे जागच्या जागी पाहावीत.

मुळे खड्ड्याबाहेर गेलेलीच नसतील तर

सर्वाधिक ठिकाणी हेच आढळते. मुळे पिशवीच्या आकारात गुंडाळलेली असतात किंवा खड्ड्याच्या भिंतीपर्यंत जाऊन तिथून वळलेली असतात. ह्याचा अर्थ जमीन दबलेली आहे. ढिगाऱ्याच्या माथ्यावरून साठ ते शंभर टन भार वाहणारे डंपर महिनोन्‌महिने फिरलेले असतात, शेवटी डोझरने तो माथा टेबलासारखा सपाट केलेला असतो आणि पाहणीसाठी येणाऱ्यांना तो सपाटपणा नीटनेटका वाटतो. झाडाच्या दृष्टीने मात्र ती फरशी असते. वालुकामय मातीची घनता दर घन सेंटीमीटरला १.७ ते १.८ ग्रॅमच्या वर गेली, किंवा चिकण मातीची १.५ च्या जवळ पोहोचली, की मुळांना पुढे सरकणे जवळजवळ अशक्य होते.

घनता मोजायला प्रयोगशाळा नसेल तर दोन साध्या चाचण्या पुरतात. चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीचा लोखंडी गज हाताच्या जोराने जमिनीत दाबावा आणि तो किती खोल जातो ते वीस-पंचवीस ठिकाणी लिहून ठेवावे. दुसरी चाचणी दोन्ही बाजूंनी उघड्या डब्याची आहे. डबा चार बोटे जमिनीत ठोकून त्यात वीतभर पाणी ओतावे व ते जिरायला लागणारा वेळ मोजावा. दोन्ही चाचण्या जवळच्या, डंपर न फिरलेल्या पडीक जमिनीवरही कराव्यात, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तुलनेला असतो.

अशा जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे एक बंद कुंडी होते. ऑगस्टमध्ये तिच्यात पाणी तुंबून मुळे गुदमरतात, एप्रिलमध्ये तेवढीच ओल संपली की दुसरीकडून ओल मिळत नाही. येथे एक चूक सर्रास होते आणि ती चांगल्या हेतूने होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. खड्ड्यात बाहेरून आणलेली काळी माती आणि शेणखत भरले जाते. पहिल्या वर्षी रोप जोमाने वाढते, पण मुळांना खड्ड्यातले सुख सोडून बाहेरच्या कठीण, उपाशी थरात शिरण्याचे कारण उरत नाही. वर पानांचा पसारा वाढतो, खाली मुळे कुंडीतच राहतात आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की बारीक मुळे तुटतात. माझ्या पाहण्यातल्या एका ढिगाऱ्यावर, जिथे खड्ड्यांत सर्वांत जास्त काळी माती भरली होती तीच रांग दुसऱ्या उन्हाळ्यात सर्वांत आधी वाळली. ते पाहून फार वाईट वाटले होते, कारण ती माती गावकऱ्यांनी स्वतःच्या शेतातून दिलेली होती.

उपाय खड्ड्यात नसून पूर्ण क्षेत्रात आहे. डोझरच्या मागे रिपर, म्हणजे जमीन फाडणारा लोखंडी दाता, लावून साठ ते नव्वद सेंटीमीटर खोल, समपातळीतील रेषांवर, संपूर्ण माथा फाडून काढावा. हे काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करावे. ओल्या चिकण थरात रिपर चालवला तर तो माती फोडत नाही, फक्त चिरत जातो आणि चिरेच्या भिंती आणखी गुळगुळीत होतात. एकदा फाडल्यावर त्यावर पुन्हा कोणतेही जड वाहन नेऊ नये. पाण्याचा टँकरही नेऊ नये, हे सांगावे लागते कारण तो हमखास नेला जातो.

ढिगारा अजून तयार होत असेल तर ह्याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. शेवटचा सव्वा मीटरचा थर दाबायचाच नाही. डंपरने मागे सरकत एकाला एक लागून ढीग ओतायचे आणि डोझरने त्यांचे माथे एखाद्या फेरीतच हलके सारखे करायचे. अमेरिकेतील ॲपलेशियन कोळसापट्ट्यात १९७७ च्या खाणकायद्यानंतर ढिगारे घट्ट आणि गुळगुळीत करण्यावर भर दिला गेला, त्यावर दाट गवत पेरले गेले आणि झाडे खुंटली. तिथल्या वनतज्ज्ञांनी पुढे वरचा चार फुटांचा थर सैल ठेवण्याची आणि गवत विरळ पेरण्याची पद्धत रूढ केली. खडबडीत, उंचसखल माथा डोळ्यांना ओबडधोबड दिसतो, परंतु त्याच खळग्यांत पाणी, बी आणि पाचोळा अडकतो.

मुळे पसरली आहेत, पण झाड पिवळे आणि खुंटलेले असेल तर

येथे प्रश्न अन्नाचा, विशेषतः नत्राचा आहे, आणि ह्याच टप्प्यावर मातीचा अहवाल दिशाभूल करतो. कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यात कोळशाचे कण मिसळलेले असतात. सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ह्या कोळशाचाही काही भाग मोजला जातो आणि अहवालात सेंद्रिय कर्ब भरपूर असल्याचे येते. बऱ्याच ठिकाणी नत्राचा अंदाज ह्या कर्बावरूनच बांधला जात असल्यामुळे नत्रही पुरेसे असल्याची नोंद होते. प्रत्यक्षात तो कर्ब लक्षावधी वर्षांपूर्वीचा असून जिवाणूंना तो सहजासहजी खाता येत नाही आणि झाडाला त्यातून काही मिळत नाही. म्हणून नमुना देतानाच एकूण नत्र आणि उपलब्ध नत्र वेगवेगळे मोजून मागावेत. तेवढे शक्य नसेल तर एका कुंडीत ढिगाऱ्याची माती, दुसरीत शेताची माती घेऊन दोन्हींत ज्वारी आणि मूग पेरावेत. तीन आठवड्यांत फरक दिसतो. मुगाच्या मुळांवर गाठी आल्या आहेत का आणि त्या चिरल्यावर आतून गुलाबी आहेत का, हेही पाहावे. गाठी नसणे म्हणजे बहुधा हवेतले नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू नसणे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठी म्हणजे त्या काम करीत नाहीत.

युरियाने हा प्रश्न सुटत नाही, ह्याचे गणित मांडून पाहू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटीमीटर थराचे वजन साधारण २,००० टन भरते. त्यात नत्र ०.०५ टक्के असावे म्हटले तरी ते १,००० किलो होते, आणि बाहेरून काही न घालता झाडोरा स्वतःच्या बळावर चालू राहावा ह्यासाठी साधारण तेवढा साठा मातीत लागतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असते, आणि वाळूत टाकलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसात खाली निघून जातो, कारण त्याला धरून ठेवणारे काही त्या मातीत नसते. चांगल्या वाढलेल्या शेंगवर्गीय पिकातून वर्षाला हेक्टरी ५० ते १०० किलो नत्र मिळते. वीस टन शेणखतातून सुमारे १०० किलो मिळते आणि ते हळूहळू सुटते. त्यामुळे ही दहा ते वीस वर्षांची शिदोरी आहे, तीन वर्षांच्या करारात ती पुरी होणार नाही, हे आराखडा करतानाच मान्य करावे.

आपल्याकडे ह्या विषयावर भक्कम काम झालेले आहे. नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ह्या संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर आणि चंद्रपूर भागातील कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी एकत्र वापरून उजाड ढिगाऱ्यांवर झाडे उभी केली. त्यातला धडा असा, की सेंद्रिय पदार्थ आणि सूक्ष्मजीव एकमेकांवाचून निरुपयोगी आहेत. खाद्य नसलेल्या वाळूत जिवाणूंचे पाकीट रिकामे करणे हा पैशाचा अपव्यय आहे. प्रेसमड दूर पडत असेल तर पूर्वेकडच्या भातपट्ट्यातील तणस, पश्चिमेकडच्या कापूसपट्ट्यातील पराटीचा भुगा आणि सोयाबीनचे कुटार हाताशी आहे. मात्र ते कच्चे मातीत मिसळू नये, कारण ते कुजताना जिवाणू उरलेसुरले नत्रही ओढून घेतात. शेणासह कुजवून मिसळावे किंवा केवळ आच्छादन म्हणून वर पसरावे. मायकोरायझासाठी रोपवाटिकेतच पिशवीच्या मातीत जुन्या पळसाच्या किंवा खैराच्या मुळांजवळची मूठभर माती मिसळणे हा साधा मार्ग आहे.

बुडाशी साल करपलेली असेल, किंवा एकाच पट्ट्यात काहीच उगवत नसेल तर

मुळे ठीक आहेत, पण जमिनीलगत खोडाभोवती तपकिरी, मेलेल्या सालीचे कडे दिसते, तर रोप तहानेने नव्हे तर पृष्ठभागाच्या उष्णतेने मेले आहे. काळा शेल आणि कोळशाचा चुरा दुपारच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. येथे तणसाचे जाड आच्छादन आणि पश्चिमेच्या बाजूला ओंजळभर दगडांचा आडोसा एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवावे, नाहीतर वाळवी सालीपर्यंत पोहोचते. जमीन हिवाळ्याच्या पहाटेही कोमट लागत असेल किंवा जळका, गंधकासारखा वास येत असेल, तर आत कोळसा धुमसत आहे. तिथे लागवड करू नये. खाणीच्या सुरक्षा विभागाला कळवावे.

एखाद्या पट्ट्यावर तणसुद्धा उगवत नसेल आणि ओघळांत नारिंगी-पिवळा साका दिसत असेल तर पायराइटची शंका घ्यावी. हे लोह-गंधकाचे खनिज हवा आणि पाणी लागताच आम्ल तयार करते. आजचा सामू (आम्लता दाखवणारा pH) ठीक आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण आम्ल पुढेही तयार होत राहते. नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून नंतर सामू घ्यावा आणि तो ४ च्या खाली कोसळला तर धोका मानावा. कोळशाचे कण जास्त असल्यास हीच चाचणी चुकीची भीती दाखवू शकते, म्हणून प्रयोगशाळेतून पायराइटमधील गंधक मोजून घ्यावे. एक टक्का असे गंधक असलेल्या १,००० टन मातीला सुमारे ३१ टन चुनखडीची भुकटी लागते. हेक्टरच्या पंधरा सेंटीमीटर थराला ती ६२ टन होते. हा खर्च पाहता पट्टा लहान असेल तर तो निर्धोक मातीच्या जाड थराखाली गाडणेच बरे. सामू न मोजता सगळीकडे चुना टाकणे मात्र टाळावे, कारण चुना जास्त झाला की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते.

उतारावरची रोपे

उतारावर मेलेल्या रोपांची मुळे उघडी पडलेली असतात किंवा पूर्ण रोप गाळाखाली गेलेले असते. ओतलेला माल आपसूक सुमारे ३७ अंशांच्या उतारावर थांबतो, तर पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये एकूण उतार २८ अंशांपेक्षा अधिक नसावा असे सहसा लिहिलेले असते. हा फरक पायऱ्या काढून भरून काढावा लागतो आणि पायरीचा कल आतल्या बाजूस असावा लागतो. पहिल्या मोठ्या पावसात स्वतः माथ्यावर उभे राहून पाणी कोणत्या जागी कड ओलांडते ते पाहावे. घळ नेहमी त्या एका जागेपासून सुरू होते, आणि तिथे दगडी पिचिंगचा मार्ग करून पाणी खाली नेले नाही तर उतारावर काहीही लावले तरी ते इरई किंवा वर्धेच्या पात्रात जाऊन पडते. उतारावर झाडांऐवजी आधी गवत पेरावे : मारवेल, पवन्या, तिखाडी, घळींच्या तोंडाशी वाळा, आणि वर काथ्याची जाळी.

काढून ठेवलेली वरची माती वापरूनही फरक पडला नाही, अशी तक्रार असेल तर ती किती वर्षे आणि किती उंच रचून ठेवली होती ते विचारावे. दोन-तीन मीटरपेक्षा उंच ढिगात आत हवा पोहोचत नाही आणि एक-दोन वर्षांत बुरशी, गांडुळे, पळसा-धावड्याचे बी असे सारे काही मरते. मग उगवते ते फक्त गाजर गवत आणि तरोटा. एका बाजूने काढून त्याच हंगामात दुसऱ्या बाजूच्या तयार ढिगाऱ्यावर पसरणे हाच खरा उपयोग. माती कमी असेल तर सगळीकडे बोटभर थर देण्यापेक्षा वीतभर जाडीचे पट्टे करावेत.

काय लावावे आणि कोणत्या क्रमाने

पहिली दोन वर्षे झाडे लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फाडलेल्या माथ्यावर मृगाच्या पावसात ताग, धैंचा, स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक आणि स्थानिक गवताचे बी मिसळून पेरावे आणि ताग-धैंचा फुलावर येताच तिथेच कापून पसरावा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी, मूळचे नागपूरचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे ह्यांच्या पीठासमोर, खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचे निर्देश दिले होते. गुरांच्या चाऱ्याचा त्यात विचार होता, परंतु मातीसाठीही तोच क्रम योग्य आहे. गुरे आत सोडण्याऐवजी गवत कापून नेण्याची मुभा गावाला द्यावी. असे केल्यास गुराखीच कुंपणाची राखण करतात.

तिसऱ्या वर्षी खैर, हिवर, बाभूळ, सिरस, बोर आणि पळस. ह्यांचे शक्यतो बी टोकावे, कारण पिशवीत सोटमूळ वळते आणि बियाचे मूळ पहिल्या हंगामातच खोल जाते. भोवतीचे गवत हातभर वर्तुळात साफ ठेवावे, नाहीतर तेच ओल पळवते. मोह, तेंदू, चारोळी, धावडा ह्यांची पाळी सावली झाल्यावर, सातव्या-आठव्या वर्षानंतर. विलायती बाभूळ आणि सुबाभूळ लावून तीन वर्षांत हिरवे क्षेत्र दाखवता येते, पण विलायती बाभळीच्या जाळीखाली दुसरे काही येत नाही. शिवाय चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरसारख्या वस्तीला लागून असलेल्या ढिगाऱ्यांवर ह्याच जाळ्यांत बिबटे आणि वाघ मुक्कामाला राहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली. वस्तीपासून दृष्टी पोहोचेल तेवढा पट्टा गवताचाच ठेवावा.

काम जमते आहे की नाही हे जिवंत रोपांची टक्केवारी मोजून कळत नाही, कारण टँकर चालू असताना तो आकडा चांगलाच येतो. चौथ्या वर्षी पाणी पूर्ण बंद करावे आणि पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, माथ्यावर दहा ठिकाणी एक चौरस मीटरचा चौकोन आखून तीन गोष्टी नोंदवाव्यात : आच्छादनाखालचा पाचोळा बोटांनी चुरडला जातो का, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या दिसतात का, आणि कोणीही न लावलेले पळसाचे, कडुनिंबाचे किंवा बोरीचे रोप आपोआप उगवले आहे का. तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर त्या वर्षी नांगे भरू नयेत. तो पैसा पुन्हा एकदा ताग, शेणखत आणि आच्छादनावर खर्च करावा, आणि गज घेऊन जमीन कुठे दबलेली राहिली आहे ते नव्याने तपासावे.